पिशोरच्या आजीची गोरी सून

लोक मला विचारतात, की तुम्ही समाजसेवेकडे कशा वळलात. मी खरं सांगते, भांडणातून वळले.

औरंगाबादेत मुलींच्या एका शाळेत मी इंग्रजी शिकवायचे. दिवाळीची सुट्टी होती. एका हॉलमध्ये परदेशी डॉक्टरांचा सत्कार आहे असं कळलं, म्हणून मैत्रिणीबरोबर गेले. ही मंडळी स्वतःच्या रजा घालवून, विमानाचं भाडं पदरचं भरून आपल्याकडच्या खेड्यांत डोळ्यांची ऑपरेशनं करायला आली होती. त्यांची मुख्य डॉक्टर एक उंच, हाडकुळी बाई होती. ती बोलायची आणि एक गृहस्थ त्याचं मराठी करून सांगायचे. बाई चार वाक्यं बोलली की हे एकच सांगायचे, आणि तेही 'आपल्या थोर संस्कृतीने त्या भारावून गेल्या आहेत' असलं. प्रत्यक्षात ती बिचारी सांगत होती, की शिबिराला उकळलेलं पाणी लागेल, धुतलेल्या चादरी लागतील आणि माशा हाकलायला माणसं लागतील. मला राहवेना. मी उभी राहिले आणि म्हणाले, "अहो, त्या संस्कृतीबद्दल नाही, चादरींबद्दल बोलतायत!" हॉल हसला. गृहस्थ लालबुंद झाले. "एवढं येतंय तर तुम्हीच या की वर," ते म्हणाले. गेले मी वर. आणि त्याच आठवड्यात डॉक्टरबाईंची दुभाषी म्हणून जीपमध्ये बसून पिशोरला पोचले सुद्धा. घरी आमचे यजमान म्हणाले, "तुझ्या जिभेचं एकदाचं कल्याण झालं."

पिशोर म्हणजे चांगलं मोठं गाव. शाळेला सुट्टी, म्हणून शाळाच शिबिराला दिलेली. एका वर्गात तपासणी, दुसरा वर्ग चुना मारून, धुऊन-पुसून ऑपरेशनसाठी, बाकीच्या वर्गांत पेशंटसाठी गवत अंथरून त्यावर चादरी. मी आदल्या दिवशी त्या चादरी मोजून नाही पण ओरडून मात्र गोळा केल्या होत्या. सकाळी बघते तर शाळेच्या पटांगणात जत्रा. म्हातारी माणसं, त्यांना धरून आणणारी तरणी माणसं, आणि ज्यांच्या डोळ्यांना काही झालं नव्हतं पण गोरी डॉक्टरीण बघायची होती असं उरलेलं सगळं गाव.

दृष्टी तपासायला भिंतीवर तक्ता लावलेला होता. त्यावर इंग्रजी ई हे अक्षर, कुठे उजवीकडे तोंड केलेलं, कुठे डावीकडे, कुठे वर, कुठे खाली, वर मोठं आणि खाली बारीक होत गेलेलं. वाचता येत नसलं तरी चालतं, त्याचे दात कुठल्या बाजूला आहेत एवढं हाताने दाखवायचं. गावाने त्या अक्षराचं बारसं पहिल्या पाच मिनिटांत उरकलं. त्याला ते दाताळं म्हणायला लागले, शेतात कचरा ओढायचं असतं ते. "दाताळ्याचे दात कुठं हायत?" असं विचारलं की माणसाला बरोबर कळायचं.

मी तेव्हा बाहेर रांग लावत होते, म्हणजे रांगेशी भांडत होते. तासाभराने डॉक्टरबाई बाहेर आली. तिचा चेहरा चक्रावलेला. म्हणाली, "या गावातल्या म्हाताऱ्यांची नजर माझ्यापेक्षा चांगली आहे. मग आपण इथे कशाला आलोय?"

मी आत गेले. एक आजोबा तक्त्यासमोर उभे होते. दोन्ही डोळ्यांत ताकासारखा पांढरा मोतीबिंदू, मला लांबून दिसत होता. पण आजोबा एकेक दाताळं फटाफट बरोबर सांगत होते. कारण त्यांच्या मागे उभी असलेली रांगच्या रांग सांगत होती. "खाली, आबा, खाली!" "आता तुमच्या चुलत्याच्या घराकडं!" "आता इहिरीकडं!" डॉक्टरबाईला वाटलं, लोक म्हाताऱ्याला ओरडून-बिरडून धीर देतायत. केवढी प्रेमळ माणसं म्हणून ती खूशच झाली होती.

माझ्यातली मास्तरीण खडबडून जागी झाली. आयुष्यभर मी कॉपी पकडली होती, पण वर्गातली एकूण एक मुलगी एकाच वेळी कॉपी पुरवतेय असं कधी पाहिलं नव्हतं. "अरे, काय चाललंय काय!" मी ओरडले. "परीक्षा आहे का ही? पास झालात तर ऑपरेशन होणार नाही, नापास झालात तर होईल! कळतंय का?"

रांगेतले एकमेकांकडे बघायला लागले. मग एक बाई अगदी समजुतीच्या स्वरात म्हणाली, "पन बाई, मानूस समोर अडून उभं ऱ्हायलं आन आपल्याला म्हाईत असून गप बसायचं? कसं दिसतं ते?"

त्या गावात अडलेल्याला हात देतात, एवढाच त्यांचा गुन्हा. मी रांग वर्गाबाहेर काढली, दार लावून घेतलं आणि पास झालेल्या सगळ्यांना पुन्हा तपासायला बोलावलं. पास झालेले फार नाराज झाले.

त्यांच्यात एक आजी होती. ठेंगणी, काटक, निळं लुगडं, कपाळावर ठसठशीत गोंदण. ती पुन्हा यायला तयारच होईना. पटांगणातल्या लिंबाखाली मांडी घालून बसली होती. "म्या पास झाले," ती म्हणाली. "एकदा झाले ते झाले."

मी तिच्यासमोर बसले. ती माझ्याकडे बघून बोलत होती, पण माझ्या डाव्या खांद्याकडे बघून. "आजी, मी कुठल्या रंगाचं नेसलेय?"

"चांगल्या रंगाचं नेसलीस," आजी म्हणाली. एवढं बोलून तिने विषयच बदलला. "ती मडम लई गोरी हाय म्हनं. व्हय का गं? माही सून बी तशीच हाय. गोरीपान. केतकीच्या पानावानी. पिशोरात तशी दुसरी नाय, इचार कोनाला बी."

आजूबाजूच्या बायकांनी तोंडाला पदर लावले. मला त्यांचं हसू दिसलं, पण अर्थ लागला नाही.

थोड्या वेळाने मी पाणी प्यायला शाळेच्या मागे गेले, तर एक तरुण पोर माझ्या मागे आली. विशीतली असेल. रंगाने चांगली काळी, डोळे मोठे, आवाज इतका बारीक की मला वाकून ऐकावं लागलं. "बाई, त्या लिंबाखालच्या आजीला काय बी दिसत नाय. समदं बायांनी सांगितलं म्हनून तक्ता जमला. तेवढं तिचं ऑपरेशन करा. मागल्या म्हैन्यात भाकर समजून तिचा हात तव्यावर पडला."

"तू कोण तिची?"

"सून."

"म्हणजे ती गोरी सून तुझी जाऊ का?"

तिने खाली बघितलं. "तिला येकच सून हाय, बाई. मीच."

मग तिने सांगितलं. हिचं स्थळ आलं तेव्हा आजीला दिसेनासं झालं होतं. मुलाने पोरगी पाहिली, त्याला आवडली. पण आजीला रंगाची फार हौस, काळी सून ती दारात उभी करणार नाही अशी सगळ्यांना भीती. म्हणून मध्यस्थी करणाऱ्या मावशीने ठोकून दिलं, की पोरगी केतकीसारखी आहे. बघणार कोण होतं? लग्न झालं. आणि लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून आजीने गावभर सुनेच्या गोऱ्या रंगाचं कौतुक लावलं, ते दोन वर्षं झाली तरी चालूच होतं. पाणवठ्यावर, बाजारात, सगळीकडे. गाव हसायचं, पण म्हातारीला सांगायला कुणी धजायचं नाही. नवरा शहरात कंपनीत कामाला, सुट्टीला यायचा. घरात ह्या दोघीच.

"तिला दिसाया लागलं की माझं काय खरं नाय," ती म्हणाली. "फसवून दिली म्हनंल. माहेराला धाडंल."

"अगं, मग तूच कशाला घेऊन आलीस तिला?"

तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की जणू मीच वेडी. "मंग काय आंधळी ठिवू, बाई?"

मला राग आला, रंगाच्या ह्या वेडाचा आला. मी स्वतः सावळी. मला पहिल्यांदा बघायला आलेल्या मंडळींनी पोहे दोनदा घेतले आणि 'मुलगी जरा उजळ हवी होती' असा निरोप पाठवला. तो मुलगा पुढे टकला झाला, ते असो. पण त्या पोरीसारखं धाडस माझ्यात होतं का? स्वतःच्या संसारावर निखारा पडेल हे माहीत असून ती सासूचा हात धरून शिबिरात आली होती. मी ठरवलं, ह्या म्हातारीचं ऑपरेशन झालंच पाहिजे आणि ह्या पोरीला कुणी काही बोललं तर त्याची गाठ माझ्याशी आहे. दोन्ही एकदम कसं जमणार, ते मात्र मला कळत नव्हतं.

आजीला धरून आत नेलं. एकाच डोळ्याचं ऑपरेशन होईल, दुसऱ्याचं पुढच्या वर्षी, असं डॉक्टरबाईने सांगितलं आणि मी ते मराठीत सांगितलं. आजी फिसकन हसली. "आंधळा मागतो येक डोळा, देव देतो दोन. तुही मडम येकच देती व्हय?" मी हे इंग्रजीत सांगितल्यावर डॉक्टरबाई एवढी हसली, की तिच्या हातातली टॉर्च खाली पडली.

पण आजी ऑपरेशनला तयार होईना. तेव्हाची पद्धत अशी होती, की ऑपरेशननंतर आठवडाभर शाळेतच पडून राहायचं, डोकं हलवायचं नाही, वाकायचं नाही, धूळ-धूर नको.

"आन म्हशीची धार कोन काढंल?" आजीने विचारलं.

घरी एक म्हैस होती. तिचं दूध विकून घर चालायचं. आणि ती आजीशिवाय कुणाला कासेला हात लावू द्यायची नाही. सुनेला तिने दोनदा लाथाडलं होतं. आठवडाभर धार निघाली नाही तर म्हैस आटून जाईल, असं आजीचं म्हणणं. "डोळ्यानं मला काय करायचं? म्हशीची कास मला हाताला घावती," ती म्हणाली. संध्याकाळपर्यंत ऑपरेशनची नावं पक्की करायची होती, मग नाव घेता येणार नव्हतं. मी समजावलं, रागावले, शेवटी हात जोडले. आजी ढिम्म.

तेव्हा सून पुढे झाली. "आत्याबाई, धार मी काढते."

"तू? ती तुला लाथ घालून खळ्यापातुर फेकंल."

"आज काढून दावते. निघाली तर ऑपरेशन करायचं."

आजीला वाटलं, ही काही व्हायची गोष्ट नाही, म्हणून ती चटकन 'बरं' म्हणाली.

धारेच्या वेळी आम्ही त्यांच्या गोठ्याशी गेलो. डॉक्टरबाई पण आली. ती मागे राहायला तयारच नव्हती. आजी ओट्यावर बसली. सून घरातून बाहेर आली ती सासूचं लुगडं नेसून. आजीने काल नेसलेलं, न धुतलेलं, वासासाठी. ती उंच, लुगडं आजीच्या मापाचं, त्यामुळे ते पोटऱ्यांपर्यंतच पोचत होतं. म्हशीपुढे पेंड ठेवली, बादली घेऊन बसली. म्हशीने मान वळवून वास घेतला, क्षणभर विचार केला, आणि बादली उडवून लावली.

"झालं?" आजी ओट्यावरून म्हणाली. तिला मनातून आनंद झाला होता.

पोर उठली नाही. तिने बादली ओढून घेतली, पदर खोचला आणि त्या बारीक आवाजाच्या पोरीच्या तोंडातून एकदम दुसराच आवाज आला. खणखणीत, खर्जातला, हुबेहूब आजीचा. "थांब की भवाने! खायाला म्होरं आन द्यायाला मागं? कैदाशिने, सरळ उभी ऱ्हा! बाजारात नेऊन उभी करीन, फुकट बी कोन नेनार नाय तुला! तुह्या थोबाडाकडं बघून गिऱ्हाईक पळून जाईल, सटवे!"

म्हैस थबकली. कान हलवले. आणि पान्हवली! पितळी बादलीत दुधाची धार वाजायला लागली. शिव्या चालूच होत्या, एकीला जोडून एक, आणि म्हैस डोळे मिटून रवंथ करत उभी. डॉक्टरबाई मला हळूच विचारत होती, की ती म्हशीला काय सांगतेय. "प्रार्थना म्हणतेय," मी म्हणाले. दुसरं काय सांगणार?

धार संपली. ओट्यावरून आजीचा आवाज आला, जरा वेगळाच. "माह्या समद्या शिव्या तुला तोंडपाठ?"

"दोन वरसं ऐकायलेय की, आत्याबाई," पोर म्हणाली. पुन्हा तिचा तोच बारीक आवाज.

आजीने बादली जवळ मागवली, हाताने तोलून बघितली. मग म्हणाली, "घ्या बाई माहं नाव."

ऑपरेशन झालं. आजी आठवडाभर गवताच्या गादीवर डोळ्याला पट्टी बांधून पडली आणि सबंध वर्गावर राज्य केलं. सून सकाळ-संध्याकाळ लुगडं बदलून धार काढायची, दूध घालायची आणि डबा घेऊन शाळेत यायची. रोज तिचा चेहरा थोडा अधिक उतरलेला. पट्टी सुटायचा दिवस जवळ येत होता ना. मी तिला म्हणाले, "काही बोलली तर मी आहे." ती नुसती हसली. खरं सांगते, मी तरी काय करणार होते? सुट्टी संपली की मी औरंगाबादला, आणि ती पिशोरात, त्याच घरात.

तो दिवस उजाडला. पेशंटना चष्मे लावून घरी पाठवायचं होतं. डॉक्टर मंडळी दुसऱ्या दिवशी निघणार. आजीची पट्टी सुटणार हे गावाला बरोबर ठाऊक होतं. ज्या बायका दोन वर्षं पदराआड हसल्या होत्या, त्या सगळ्या काही ना काही निमित्त काढून शाळेच्या ओसरीत जमल्या होत्या. मला तर एकेकीला हाकलून द्यावंसं वाटत होतं. सून खांबाला टेकून उभी, पदर पार नाकापर्यंत ओढलेला.

डॉक्टरबाईने पट्टी काढली, डोळा पुसला आणि बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा आजीच्या नाकावर ठेवला. आजीने डोळा मिचकावला. समोर डॉक्टरबाईचा चेहरा.

"अगं बया!" आजी दचकली. "ही तर चुन्यानं सारवल्यावानी दिसती! आजारी हाय का काय बिचारी?"

सगळ्या ओसरीत हशा पिकला. आजी हसली नाही. तिने मान वळवून एकेका बाईकडे बघितलं. "माही सून कुठं हाय?"

हसू विझलं. पोर खांबापासून पुढे आली आणि आजीसमोर गुडघ्यांवर बसली. आजीने तिचा पदर मागे सारला. हनुवटी धरली, तोंड उजेडाकडे फिरवलं, ह्या बाजूने बघितलं, त्या बाजूने बघितलं. मग म्हातारीने त्या पोरीच्या तोंडावरून दोन्ही हात ओवाळून आपल्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली.

"बघितलं?" ती ओसरीभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "म्या म्हनत नव्हते? गोरीपान हाय माही सून!"

त्या जाड भिंगातून तिचा डोळा केवढा तरी मोठा दिसत होता. तो एका बाईवरून दुसरीवर फिरत गेला. "कोनाला काय म्हनायचंय?"

"न्हाय गं, काकी," एक जण चाचरत म्हणाली. "गोरीच हाय की."

डॉक्टरबाई मला विचारत होती, आजी काय म्हणतेय, काय म्हणतेय. "आजीला अगदी स्वच्छ दिसतंय म्हणते," मी सांगितलं, आणि तोंड फिरवून डोळे पुसले. पोर तर आजीच्या मांडीत डोकं खुपसून हमसून हमसून रडत होती, आणि आजी तिच्या पाठीत धपाटे घालत होती. "उठ, रडू नको. तिकडं म्हैस वरडत असंल."

पोर डोळे पुसत आजीचं गाठोडं बांधायला आत गेली, बायका पांगल्या. मी आजीच्या डोळ्यात औषध घालायला बसले. मला चैन पडेना. "आजी," मी हळूच विचारलं, "खरं सांगा. तुम्हाला आज धक्का नाही बसला?"

"कशाचा गं?"

"सुनेच्या रंगाचा."

आजीने आजूबाजूला कुणी नाही ना ते बघितलं. "बाई, लग्नात हळद लावताना बाया कुजबुजत व्हत्या, काळी हाय, काळी हाय, म्हातारीला फसवलं. म्या आंधळी व्हते, बहिरी नव्हते. म्हन्लं, आता पोर दारात आली. उद्यापास्नं ह्या टवळ्या तिला पानवठ्यावर तोंड वर काढू देनार नायत. मंग म्याच गोरी म्हनाया लागले. म्या गोरी म्हनते म्हनल्यावर कोनाची टाप हाय तिला तोंडावर काळी म्हनायची?"

"आणि तिला का नाही सांगितलंत? ती पोर दोन वर्षं जीव मुठीत धरून राहिलीय, आजी!"

हे आजीच्या ध्यानातच आलं नव्हतं, तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं. "अगं आई," ती पुटपुटली. "माह्या भ्यानं?"

"तुमच्याच. आणि तरी तिनेच तुम्हाला इथे आणलं."

म्हातारी ताडकन उठून बसली. मी ओरडले, अहो, डोकं हलवू नका! पण ऐकतेय कोण? चष्मा सांभाळत, भिंतीला धरत ती ओसरीच्या कडेपर्यंत गेली आणि पटांगणातून लगबगीने घराकडे निघालेल्या त्या पोरीला तिने हाक मारली. म्हशीवर ओरडायची त्याच आवाजात.

"ए पोरी! थांब की! मला बी येऊ दे. आज वाटनं तुला बघत बघत येते."